सख्याचं दुपटं

सखा गेल्याचा निरोप एका म्हाताऱ्या धनगरानं आणला. शाळेच्या पायरीला काठी टेकवून म्हणाला, “मास्तर, तुमचा भाव गेला. ताप भरला व्हता. तीन दिस झालं.” बारा वर्षांत सख्याला माझा भाऊ म्हणणारा हा पहिलाच माणूस... आणि तोही परका!

आमचं घर मुळशीचं, भातशेतीचं. भात निघाला की खतासाठी धनगर आमच्या खाचरांत मेंढरं बसवत. एका साली त्यांच्यातली बाई बाळंतपणात गेली आणि त्याच आठवड्यात माझी तान्ही बहीण. मी पाच वर्षांचा होतो. त्या बाईचं पोर घेऊन तिचा नवरा दारात आला. आईनं तोंड फिरवलं. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं हे लोक पोरक्या कोकराच्या अंगावर घालतात, वासानं मेंढी त्याला पाजते. त्यानं पोर माझ्या बहिणीच्या दुपट्यात गुंडाळलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. “मी काय मेंढी हाय व्हय?” आई ओरडली, आणि रडत रडत पाजायला बसली.

तोच सखा. भाताच्या लावणीत माझ्याहून चपळ. पण हिवाळ्यात मेंढरं आली की हा पसार! शीळ घालायचा आणि अख्खा कळप वळायचा. गाव म्हणे, “रक्त हाय त्ये.” मलाही पटलं. अहो, दरसाल दोन महिने मेंढरांमागं फिरणारा पोरगा शीळ शिकणार नाही तर काय! पण एवढी अक्कल तेव्हा कुठली?

बारा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो तिरडीला खांदा द्यायला पुढं आला. भावकी अडून बसली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी एक शब्द बोललो असतो तर... मी म्हणालो, “सख्या, तू बाजूला हो.” तो बाजूला झाला. नदीवरून परतलो तर तो घरात नव्हता, आणि पेटीतलं दुपटंही नव्हतं.

“तुमच्यात रमला का हो तो?” मी म्हाताऱ्याला विचारलं.

“कशाचं वो! आमी त्येला कुणबीच म्हनायचो. भाकर नगं, भातच पायजे. कुटं लावणी दिसली की मेंढरं सोडून चिखलात! आन् दरसाली आईच्या नावानं भाताचं पान मांडायचा.”

मला पुढचं ऐकवेना. आम्ही धनगर म्हणून घालवलेला माझा भाऊ तिथं कुणबी म्हणून जगला.

मी दहा दिवस सुतक धरलं. चुलते म्हणाले, “कुणाचं रं?” म्हटलं, “भावाचं.” हेच तेव्हा म्हणायला माझी जीभ का झडली होती?

धरणाच्या पाण्याखाली आता ती खाचरं गेली. आम्ही वरच्या अंगाला घर हलवलं. निरोपाबरोबर त्या धनगरानं आणून दिलेलं दुपटं माझ्या उशाशी असतं. त्याला धुराचा आणि मेंढरांचा वास येतो. बायको धुवायला मागते. मी देत नाही.