अर्धा सूर खाली

आमच्या पप्पांच्या कानाची नगरमध्ये दहशत होती. एसटीचा हॉर्न कुठल्या पट्टीत वाजला ते वर न बघता सांगायचे. कोपरगाव, काष्टीहून मुलं त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला यायची; सूर जरा इकडचा तिकडे झाला की बोलणी ठरलेली.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांना सगळंच चढं ऐकू यायला लागलं. मुलं चढी, रेडिओ चढा, चर्चमधला ऑर्गनसुद्धा चढा. दुरुस्तीवाल्याने ऑर्गन तपासून ठीक असल्याचं सांगितलं, तर पप्पांनी त्याचीच अक्कल काढली. पण चर्चमध्ये वाजवणं त्यांनी सोडलं, शिकवणीही बंद केली. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "माझे कान गेले का गं?"

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. भीती वाटत होती, म्हणून इतक्या जोरात म्हटलं.

मी पुण्याच्या ज्या मंडळींबरोबर वाजवते, ती अडीचशे वर्षांपूर्वीच्या सिम्फनी त्या काळच्या वाद्यांवर वाजवतात. व्हायोलिनला मेंढीच्या आतड्याच्या तारा, लाकडी बासऱ्या, बोटांनी दाबायच्या कळा नसलेले पितळी हॉर्न. आणि त्या काळासारखी पट्टीही अर्धा सूर खाली. या हिवाळ्यात कार्यक्रम आमच्या चर्चच्या हॉलमध्ये ठरला. नगरच्या कोरड्या हवेत त्या तारा नुसत्या छळतात, सारख्या पिळाव्या लागतात. तारांचं सांगितल्यावर पप्पा म्हणाले, "म्हणजे मटण खाऊन उरलेलं वाजवणार तुम्ही!"

पट्टीचं मी मुद्दामच सांगितलं नाही. पहिल्याच सुराला ते ओळखतील आणि मध्यंतरात सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने हजामत करतील, अशी माझी आशा होती. म्हणजे कान शाबूत. तसं झालं असतं तर मी पेढे वाटले असते.

वाजवताना माझं निम्मं लक्ष पहिल्या रांगेत. पप्पांनी डोळे मिटले होते, कपाळावर एकही आठी नव्हती. मध्यंतरात ते स्वतः उठून आले आणि माझा हात धरला.

"किती दिवसांनी सगळं जागेवर ऐकलं गं! माझ्या कानांना काही झालेलं नाही. तो ऑर्गनच बिघडलाय. सोमवारपासून पोरांना बोलाव परत."

उत्तरार्धात मी काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही.

घरी आल्यावर ते उत्साहाने पेटीवरचं फडकं काढायला लागले. पेटीचा सूर त्यांना चढाच लागणार होता. तेव्हा मला राहवेना.

"पप्पा, आम्ही अर्धा सूर खाली लावतो. पूर्वी तसंच लावायचे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि मला ते बरोबर वाटलं."

त्यांनी फडकं पुन्हा पेटीवर पसरलं, त्याच्या चुण्या नीट केल्या. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. मला मात्र बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. चार दिवस त्यांना सुखात राहू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

मुलांना कुणी बोलावलं नाही. संध्याकाळी मात्र पप्पा मला वाजवायला बसवतात. मी न सांगता तारा अर्धा सूर उतरवते, तेही काही विचारत नाहीत, आणि तेवढा वेळ त्यांचा चेहरा सैल पडतो.

परवा मी पहिलीच ओळ वाजवली आणि त्यांनी हात वर केला.

"अजून थोडी उतरव," पप्पा म्हणाले.