कियोनोच्या गाद्या

आमच्या स्टेशनाला दोन मजले. वरचा बुलेट ट्रेनचा, काचेचा, चकचकीत. तिथली गाडी बहुतेक वेळा न थांबताच निघून जाते. खालचा आमच्या दोन डब्यांच्या गाडीचा. वरच्या गाडीने पोरं टोकियोला गेली, खालच्या गाडीने आम्ही म्हाताऱ्या दवाखान्यात जातो.

खाली गाडीची वाट बघायच्या खोलीतल्या बाकड्यांवर थंडीत बसायच्या गाद्या घालायचं काम गावातल्या बायकांचं. कुणीतरी शिवून गुपचूप ठेवून जातं. यंदा माझ्या शेजारणीने, कियोनोने, ते अंगावर घेतलं. नवरा गेल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती. माझ्याशी बोलायची, पण मी कुंपणाशी उभी राहिले की कुणालाही बोलावंच लागतं.

"मासु, माझ्या हातचं काहीतरी कुणाच्या कामी येऊ दे," म्हणाली. "नाहीतर मी आहे काय नि नाही काय."

कापड कुठलं घ्यावं? लग्नातला किमोनो! शेंदरी रेशीम, त्यावर सोनेरी करकोचे. लेकीसाठी जपलेला. लेक आली होती तेव्हा म्हणाली, "आई, हा घालून मी ऑफिसला जाऊ?" आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मग कियोनोने कात्री लावली.

गाद्या मांडून ती रोज कोपऱ्यात बसून बघायची. पण कुणी बसेना. शाळेच्या पोरी उभ्या. मुळ्यांचं ओझं घेऊन आलेले हिराबायाशी-सान गुडघे चोळत भिंतीला टेकलेले. एका बाईने तर गादी अलगद बाजूला ठेवली, उघड्या लाकडावर बसली आणि जाताना गादी जागेवर ठेवून त्या गादीपुढेच वाकून गेली.

"नकोत त्यांना," कियोनो म्हणाली. "उद्या घेऊन जाते. मग मीही यायची नाही."

"अगं वेडे, तुझ्या लग्नातल्या करकोच्यांवर बूड टेकवायचा धीर कुणाला होणार?"

"मग तू बस."

मी बसले. पाठ ताठ, अर्धं बूड हवेत, नवी सून सासऱ्यासमोर बसते तशी. आणि पटकन उठले. कियोनो हसली. कितीतरी महिन्यांनी.

गाद्या तिने घरी नेल्या. परत आणल्या तेव्हा त्यांच्यावर नवऱ्याच्या शेतातल्या निळ्या सदऱ्यांची खोळ होती, ठिगळांसकट. रेशीम आत.

"नवऱ्यावर बसवतेस लोकांना?" मी विचारलं.

"जन्मभर तोच बसून राहिला. आता बसू दे दुसऱ्यांना."

त्या दुपारी बर्फ पडत होता. हिराबायाशी-सान आले आणि धपकन बसले. पोरींनी गाद्यांवर दप्तरं टाकली, गोड पाव खाल्ले, भुगा सांडला. कोपऱ्यातल्या म्हातारीकडे कुणी पाहिलंही नाही. आमची गाडी आली, सगळे गेले.

खोली रिकामी झाली. वरून बुलेट ट्रेन गेली तशा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कियोनो उठली, हिराबायाशी-सानांच्या वजनाने दबलेल्या गादीवर तिने तळहात ठेवला.

"गरम आहे गं," म्हणाली.

आणि ती ऊब जायच्या आत घाईघाईने तिथे बसली. हात मांडीवर, तोंड रिकाम्या फलाटाकडे. मी छत्री उघडली, पण बराच वेळ दारातच उभी राहिले.