चाळीस दिवस जिवंत राहण्याची रजा

विषय : चाळीस दिवसांची बिनपगारी रजा मिळण्याबाबत.
संदर्भ : स्टोअरकीपर श्री. सुंदरलिंगम यांचा अर्ज. सोबत पटकथा, पाने एकशे बारा.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मस्कतमधल्या एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत मी रजेचा कारकून होतो. रजेच्या टेबलावर बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते दोन प्रतींत, सहीसकट येतात. कुणाची एकच आजी तीनदा वारते, कुणाच्या बहिणीचं लग्न दर मे महिन्यात असतं. बहुतेक मी विसरलो. सुंदरलिंगम अण्णांची फाईल मात्र विसरणं अवघड. तिला बांधायला दोन नाड्या लागत.

अण्णा तमिळ सिनेमातले नट. पोस्टरवर कधी नसायचे. नायकाचा बाप, गावचा मास्तर, प्रामाणिक फौजदार, असे जे लोक पहिल्या अर्ध्या तासात मरतात आणि ज्यांच्यामुळे नायकाला उरलेला सिनेमा करावा लागतो, ते सगळे अण्णा. त्यावर घर चालेना म्हणून ते मस्कतला आले आणि कॉम्प्रेसर मोजू लागले. पण तिकडचे दिग्दर्शक त्यांना सोडायला तयार नव्हते. कारण अण्णा एका टेकमध्ये मरायचे!

* * *

त्यांचा पहिला अर्ज माझ्यापुढे आला तो २०११ साली. दिवस : चार. कारण : माझा मृत्यू.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

"अण्णा, हे काय लिहिलंय?"

"खरं लिहिलंय, पाटणकर सार. गुरुवारी चाकू लागतो. शुक्रवारी हॉस्पिटल. शनिवारी मरतो. रविवारी जाळतात."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी ड्यूटी, सार!"

अर्ज घेऊन मी आमच्या मॅनेजरकडे गेलो. हिलाल साहेब ओमानी, मऊ मनाचे. सगळे त्यांना अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. खरे मालक कोण हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी कारण वाचलं, उसासा टाकला आणि सही केली. "मरणाला नाही म्हणणारा मी कोण?" सहीखाली मी नियमाप्रमाणे शेरा मारला : 'मृत्यूनंतर वेळेत कामावर रुजू व्हावे.'

अण्णा सोमवारी आठला पाच मिनिटं कमी असताना हजर.

* * *

एकदा त्यांना पुजाऱ्याचं काम मिळालं. मिशी गेली, डोकं तुळतुळीत. मेले, आणि तसेच विमानात बसले. पासपोर्टवर मात्र बूट पुसायच्या ब्रशाएवढी मिशी.

मस्कत विमानतळावरचा अधिकारी म्हणाला, "हा तू नाहीस."

"सर, मी ॲक्टर आहे."

"ॲक्टर? मग करून दाखव."

अण्णांना जे येत होतं ते त्यांनी केलं. छाती धरली, बॅग सोडली, काउंटरचा आधार घेतला, समोर नसलेल्या मुलाला तमिळमध्ये बराच उपदेश केला आणि जमिनीवर आडवे झाले. रांगेतल्या दोन बायका किंचाळल्या. कुणीतरी व्हीलचेअर आणली.

अधिकाऱ्याने काउंटरवरून वाकून पाहिलं, धाडकन शिक्का मारला आणि म्हणाला, "खलास, खलास! यल्ला, ऊठ. मागे लाईन आहे."

अण्णांना सुटकेचा आनंद नव्हता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सार, त्याने डायलॉग पूर्ण करू दिला नाही."

* * *

अण्णांचा एक सिनेमा कंपनीच्या क्वार्टरमध्ये शुक्रवारी दुपारी सगळ्यांना दाखवायचं ठरलं. पहिल्या रांगेत मधोमध अण्णा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आमचा टेक्निशियन सावंत, कणकवलीकडचा, चहा आणायला आत गेला. तो परत येईपर्यंत पडद्यावर चिता पेटलेली.

"अण्णा गेलो?" सावंतने दारातूनच विचारलं.

"गेले."

"काय रे मेल्यांनो, माका एक हाक तरी मारूची!"

अण्णांनी मागे वळून हात जोडले. "सॉरी, सावंत. अगला पिक्चर में इंटरव्हल के बाद मरेगा."

* * *

मग अण्णा दिग्दर्शक झाले. त्याचं असं झालं : शिडीवर चढताना काय काळजी घ्यावी, यावर कंपनीला पाच मिनिटांची फिल्म हवी होती. अण्णांनी ती एकोणीस मिनिटांची केली.

सावंतने शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून गादीवर पडून मरायचं होतं. मग कारकून अपघाताचा रिपोर्ट लिहितो. कारकून मी. माझंच टेबल, माझंच पेन, माझाच चष्मा.

मी लिहायला लागलो. "कट! सार, क्लार्क असं लिहीत नाही."

"अण्णा, मी सव्वीस वर्षं असंच लिहितोय."

"तेच, सार. प्रेक्षकांचा विश्वास बसणार नाही."

काम सावंतला दिलं. त्याचं पडून झालंच होतं. त्याने चष्मा नाकाच्या टोकावर घेतला, कानामागचं पेन काढलं, पहिलं पान उलटायच्या आधी दोनदा खाकरला. मनाला लागलं, पण खोटं कशाला बोलू? मी उठून उभा राहिलो. मला तो वरिष्ठ वाटला!

फिल्म बघताना हिलाल साहेब रडले. सावंतच्या मृत्यूला तर त्यांनी टिश्यूचा डबाच मांडीवर घेतला. दिवे लागल्यावर शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी जड आवाजात विचारलं, "त्याच्या घरी कळवलं का?"

तो माणूस सावंत होता. म्हणाला, "हो साब, कल ही फोन किया. सब ठीक है."

पुढे आठवडाभर आमचा एकही टेक्निशियन शिडीवर चढला नाही. फिल्म यशस्वी झाली म्हणायची.

* * *

आता प्रस्तुत अर्जाकडे वळतो.

अण्णांना एकदा स्टॉक तपासायला दक्षिण ओमानात सलालाहला पाठवलं. तिथे पावसाचे दिवस. नारळाच्या बागा, भुरभुर, हिरवे डोंगर. अण्णा स्टॉक न तपासता परतले, पण पटकथा लिहून. एका म्हाताऱ्या शाळामास्तरची गोष्ट. लेखक, दिग्दर्शक आणि मास्तर स्वतः अण्णा. त्यांच्या गावचा एक नारळाचा व्यापारी खर्चाला तयार झाला, पण त्याची अट होती : शूटिंग पुढच्या पावसात सलालाहला झालं पाहिजे, नाहीतर सिनेमा त्याचा भाचा करणार.

म्हणून चाळीस दिवस.

"सार, नात सहा वर्षांची आहे," अर्ज देताना अण्णा म्हणाले. "ती विचारते, 'तात्ता, सिनेमात सगळे शेवटी घरी येतात, तुम्ही का येत नाही?' एवढा एक सिनेमा मला तिला दाखवायचा आहे."

मी अर्जाला पटकथा टाचली. स्टेपलर तुटला.

* * *

हिलाल साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "वाचणार नाही. सांग."

मी फाईल घेऊन उभा. सावंत एसी दुरुस्त करायला शिडीवर. एसीला काही झालं नव्हतं.

अण्णांनी सांगितलं म्हणजे करून दाखवलं. बैल झाले, सावकार झाले, पूर झाले. मास्तर पुरात वाहून जातो तिथे हिलाल साहेबांनी टिश्यूचा डबा जवळ ओढला.

"इथे मरतो?"

"नाही, सर. पोहून येतो."

"मग बैल मारतो?"

"बैल घाबरून पळतो."

"सावकाराची माणसं?"

"ती त्याचेच विद्यार्थी निघतात. पाया पडतात."

"मग शेवटी काय होतं?"

"ओसरीवर बसून कॉफी पितो, सर."

साहेबांनी टिश्यूचा डबा परत दूर सारला. मग हळूच म्हणाले, "सुंदर, तो मरत असेल तर रजा आत्ता देतो. पण मरतच नसेल, तर घाई कसली?"

"सर, इतकी वर्षं सगळ्यांच्या पिक्चरमध्ये मेलो. माझ्या पिक्चरमध्ये नाही मरणार."

शिडीवरून सावंत म्हणाला, "साब, इनके बदले मैं मर जाता हूँ!"

हिलाल साहेबांनी वर पाहिलं आणि मान हलवली. "तू एकदा मेलास."

त्यांनी अर्जावर शेरा लिहिला : 'शेवटाबाबत चर्चा करावी.' पुढच्या मंगळवारी अण्णांना पुन्हा बोलावणं आलं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. दर वेळी गोष्ट पहिल्यापासून.

मी निवृत्त झालो तो दिवसही मंगळवारच होता. सलालाहला पाऊस सुरू झाल्याची बातमी सकाळीच पेपरात होती. दोन नाड्यांची फाईल नव्या कारकुनाच्या हवाली केली आणि निरोप घ्यायला केबिनकडे गेलो. दार बंद. आत पूर आलेला ऐकू येत होता. तो ओसरल्यावर हिलाल साहेबांचा आवाज आला, "थोडा तरी आजारी पडू दे ना!"

"नाही, सर."

सबब, अर्ज अद्याप प्रलंबित आहे.