शिल्लक रजा
सरकीच्या ढेपेचा उबट, तेलकट वास कुठूनही आला की मला खामगावच्या तेलगिरणीचं ऑफिस आठवतं आणि पॅकिंगमधल्या त्या मावशी. कामगारांना मोबाइलवर स्वतःची हजेरी आणि रजा दिसाव्यात म्हणून मी तिथं एक ॲप बनवलं होतं. खरी नोंद क्लाउडवर रोज बदलायची, पण ॲप तिला जोडायचं काम मी आज-उद्या करत ढकलत होतो; तोवर नव्या वर्षाच्या रजा जमा होण्याआधीच्या यादीची नक्कल टाकून ठेवली होती. शेवटी एका दुपारी जोडणी झाली. मावशी पाणी प्यायला आल्या होत्या, म्हणून तपासायला त्यांचाच नंबर टाकला. शिल्लक रजा : बारा. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "बारा? मांगच्या महिन्यात तं शून्य दाखवत होतं. माय गावाले, पिंपळगाव राजाले, बिमार पडून होती, मले बलावत होती. रजा नाही म्हणून मी थांबली. मंग मयतीलेच गेली." ती जुनी नक्कल होती, एवढंच मी कसंबसं म्हणालो. त्या स्क्रीनवरचा बोटाचा तेलकट डाग पदरानं पुसत म्हणाल्या, "जोडलं ते बरं केलं, बाबू. दुसऱ्या कोनाले तरी खरं दिसन." त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आता माझ्या प्रत्येक ॲपमध्ये आकड्याखाली तो कधीचा आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. मी वाचतो.