उकंडरावांचं यात्रेचं सामान

महादेवाच्या यात्रेची सगळ्यांत जय्यत तयारी कुणाची, असं आमच्या धाड गावात विचारलं, तर शेंबडं पोरही उकंडरावांचं घर दाखवायचं. आणि नवस बोलूनही यात्रेला कोण गेलं नाही असं विचारलं, तरी बोट त्याच घराकडे जायचं. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. घरात नवी वस्तू आली की ती पाहायला पहिली हाक मलाच यायची, म्हणून हे सगळं मी अधिकारानं सांगतो.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी उकंडरावांना विषमज्वर झाला. माणूस हातचा जातो की काय अशी वेळ आली. तेव्हा त्यांच्या बायकोनं, सोजराबाईंनी, पदर पसरून नवस बोलला की धनी उठून बसू दे, चौरागडावर जोडीनं येऊन त्रिशूळ वाहीन. चौरागड म्हणजे थेट सातपुड्यात, पचमढीच्या डोंगरात. मलकापूरहून रेल्वेनं पिपरियाला जायचं आणि पुढं दऱ्याखोरी तुडवायची, आपलं ओझं आपल्याच पाठीवर घेऊन. शिवरात्रीला आमच्याकडून जथेच्या जथे निघतात. उकंडराव खडखडीत बरे झाले. लोहाराकडून पुरुषभर उंचीचा लोखंडी त्रिशूळही करवून आणला. आणि तिथंच गाडं अडलं.

पहिल्या वर्षी निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांना आठवलं की आपल्याकडे बॅटरी नाही आणि डोंगरात अंधार असतो. बॅटरी आली तोवर जथा निघून गेला. दुसऱ्या वर्षी थर्मास नव्हता. तिसऱ्या वर्षी धाडच्या आठवडी बाजारात जालन्याकडचा एक दुकानदार मिलिटरीच्या लिलावातला माल घेऊन यायला लागला, आणि मग काय विचारता! त्याच्याकडून उकंडरावांनी खाकी पिठ्ठू घेतला, पाठीवर बांधायचा, दहा-बारा खिशांचा. खिसे रिकामे बरे दिसत नाहीत म्हणून पुढच्या वर्षी चपटी पाण्याची बाटली, घडीचा चाकू आणि बोटभर जाड दोरी आली. मग रॉकेलचा छोटा स्टोव्ह. मग रेनकोट. शिवरात्रीला रेनकोट कशाला, असं मी विचारलं.

"देवाच्या मनात आलं तं पडते पाणी," ते म्हणाले. "तुले काय समजते बे?"

पुढं एक बॅटरी विझली तर म्हणून दुसरी बॅटरी आली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथं नवरा स्वतःच्याच खर्चानं विघ्नं विकत आणत होता. संध्याकाळी पिठ्ठू पाठीवर बांधून ते ओसरीत येरझाऱ्या घालायचे. शेत घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी चहा थर्मासमधून न्यायचे. सोजराबाई काही बोलायच्या नाहीत. दर शिवरात्रीला त्रिशुळाला तेल लावायच्या आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. ते पाहून मला त्यांच्या नवऱ्याचा खरोखर राग यायचा.

सातव्या वर्षी संक्रांतीला त्या बोलल्या. मी तिळगूळ घ्यायला गेलो होतो, त्यामुळे आयताच साक्षीला सापडलो.

"आयकलं का? यंदा जायचं. अन् जाईपर्यंत यात्रेच्या नावानं घरात एक सुईबी येणार नाही. यंदा नाही गेलो तं तो त्रिशूळ मी लोहाराले परत देऊन येईन, कोयते कर म्हणीन त्याचे. मंग देव जाणे अन् तुमी जाणा."

बाईमाणूस देवाच्या त्रिशुळाचे कोयते करायची गोष्ट बोलते म्हणजे पाणी कुठवर आलंय, हे उकंडरावांनाही कळलं. त्यांनी तिळगुळावर हात ठेवून शपथ घेतली.

शपथ घेणं सोपं, बाजाराचा दिवस अवघड. पुढच्या बाजारी ते मला सोबत घेऊनच निघाले. "पुंजाजी, मी तिकडं वळलो तं माह्या धोतराचा सोगा धर," असं बजावलं. वांगी घेतली, मिरच्या घेतल्या, आणि मग ज्या गल्लीत आमचं काहीच काम नव्हतं त्या गल्लीतून आम्ही तीन वेळा गेलो. लिलावातला दुकानदार मोठा बेरकी. तो ओरडला नाही, हाक मारली नाही. त्यानं नुसतं एक अॅल्युमिनियमचं भांडं उघडलं. त्यातून दुसरं निघालं, दुसऱ्यातून तिसरं, तिसऱ्यातून कप. उकंडराव जागच्या जागी उभे.

"मी घेऊन नाही राह्यलो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "फक्त पाहून राह्यलो."

"पाह्यलं ना? चला मंग."

"त्याचं झाकण म्हणजे तवा आहे बे!"

मी सोगा ओढला. धोतर सुटायची वेळ आली तेव्हा कुठं ते हलले. घरापर्यंत त्यांनी माझ्याशी अबोला धरला. पण गडी जिंकला, हे मानावंच लागेल. माघ सरत आला तरी घरात सुईसुद्धा आली नाही. जुनं सगळं सोबत न्यायचं नाही, अशी शपथ मात्र कुणी घातली नव्हती.

आता आमच्या जथ्याची रीत सांगतो. जथ्याचे म्होरके निवृत्ती भगत, पन्नास शिवरात्री पाहिलेला चिवट म्हातारा. निघायच्या सकाळी ते सगळ्यांना गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळापाशी जमवायचे. जे न्यायचं ते खांद्यावर घ्यायचं आणि देवळाला पाच फेऱ्या मारायच्या. ओझं भुईला टेकलं, की त्या माणसाची त्या वर्षीची यात्रा तिथंच संपली. फेरी चालू असताना कुणाला काही देता येतं, पण दिलं ते दान, ते परत मागायचं नाही. नवसाचा त्रिशूळ असेल तर तो दोघांच्या खांद्यावर आडवा, पुढं नवस बोलणारी, मागं ज्याच्यासाठी बोलला तो. पुढच्यानं मागं वळून पाहायचं नाही. जुने भगत एक घोंगडी, एक तांब्या आणि दशम्यांचं गाठोडं घेऊन फेऱ्या मारत, हसत-खेळत.

त्या सकाळी उकंडराव आले तेव्हा आधी सामान दिसलं आणि मग त्याच्याखाली माणूस दिसला. पाठीवर पिठ्ठू, त्यावर वळकटी, डाव्या बाजूला थर्मास, उजव्या बाजूला बाटली, गळ्यात दोन बॅटऱ्या, कमरेला स्टोव्ह. सोजराबाईंच्या काखेत एक बोचकं, बस्स. निवृत्ती भगतांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उकंडभाऊ, यात्रेले चालले का बिऱ्हाड बदलून राह्यले?"

"सगळं लागते, बाबा."

"बरं. रीत ठावं आहे ना?"

रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. म्हणूनच एरवी जथ्याला निरोप द्यायला चार माणसं यायची, ती त्या दिवशी चाळीस आली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पलीकडच्या आळीतल्या झुंबरबाई तर महादेवाला कधी नमस्कारही न करणाऱ्या, त्या पहाटेच अंघोळ करून पुढची जागा धरून उभ्या होत्या आणि त्यांची नजर देवावर नव्हती, स्टोव्हवर होती.

त्रिशूळ दोघांच्या खांद्यावर चढला आणि पहिली फेरी उकंडरावांनी ताठ मानेनं काढली. दुसऱ्या फेरीला श्वासाचा आवाज आम्हाला ऐकू यायला लागला. देवळामागच्या चढावर त्यांचा पाय अडखळला, त्रिशूळ मागं ओढला गेला आणि पुढं सोजराबाईंचा खांदा हिसकला. त्या थांबल्या नाहीत, वळल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडून "महादेवा" निघालं ते सगळ्यांनी ऐकलं. उकंडरावांनी कमरेचा स्टोव्ह सोडला आणि न बघता बाजूला धरला. झुंबरबाईंनी तो असा झेलला, की घारीनं शिकावं.

मग धबधबाच सुरू झाला. वळकटी गेली. बाटली गेली. एक बॅटरी गेली, मग थोडं चालून, मोठा उसासा टाकून, दुसरी गेली. रेनकोट एका मेंढ्यावाल्याला मिळाला, त्यानं तो माघाच्या उन्हात तिथल्या तिथं अंगात घातला आणि दिवसभर काढला नाही. थर्मास देताना उकंडरावांनी घेणाऱ्याला बूच कसं लावायचं ते चालता चालता शिकवलं. लोक हसून हसून बेजार झाले. मीही हसत होतो, माझं तोंड गावात प्रसिद्धच आहे.

चौथ्या फेरीला पिठ्ठू तेवढा उरला. तो देईनात. घामानं बंडी भिजली होती, दर पावलाला त्रिशूळ डुगडुगत होता. मी त्यांच्या बाजूनं चालत हात पुढं केला. "द्या, उकंडराव. मी सांभाळतो."

"नाही."

"आता काय आहे त्यात?"

"दोरी आहे. औषधं आहेत तापाची. घोंगड्या आहेत दोन." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पुंजाजी, मी आजारातून उठलो तेव्हापासून मले भेव वाटते बे. डोंगरावर ताप आला तं? पाय घसरला तं? इकडं घरी हे सगळं बांधून ठेवलं की रात्री झोप लागे मले."

सात वर्षं मी त्या माणसाच्या बॅटऱ्यांची टिंगल केली. एक-एक वस्तू म्हणजे त्याची एक-एक भीती आहे, हे भिंतीला भिंत लागून राहूनही मला कळलं नव्हतं.

सोजराबाईंनी ऐकलं होतं. रीतीप्रमाणे त्यांनी मान वळवली नाही. समोर बघतच बोलल्या.

"मले काय भेव वाटत नाही? तुमच्यापेक्षा जास्त वाटते. म्हणून तं देवाले म्हटलं, जोडीनं येईन. एकटीची छाती असती तं एकटीनंच नसता का बोलला नवस?"

उकंडरावांनी एका हातानं त्रिशूळ धरला, दुसऱ्या हातानं पट्टा सोडला आणि पिठ्ठू माझ्या अंगावर टाकला. मी जवळजवळ पडलोच, इतका तो जड होता. तो माणूस हे वजन घेऊन साडेतीन फेऱ्या चालला होता!

"अवं, जरा हळू चाल," ते पुढं बघून म्हणाले.

"हळूच चालून राह्यली. या मांगून."

पाचवी फेरी पुरी झाली तेव्हा निवृत्ती भगतांनी "हर बोला महादेव" म्हणून आरोळी दिली. दोघं त्रिशूळ खांद्यावर घेऊन मलकापूरच्या एसटीकडे निघाली. काखेत बोचकं एकच, तेही आता उकंडरावांच्या.

शिवरात्र झाली, जथा परतला. उकंडरावांचे पाय सोलवटले होते, नाक उन्हानं काळं पडलं होतं, आणि एवढं तरतरीत मी त्यांना आजाराआधीही पाहिलं नव्हतं. शेवटच्या चढावर दोघांचेही पाय कसे कापायला लागले, दोघं कशी तिथंच बसली, एकमेकांकडे पाहून कशी हसली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. वर त्रिशुळांचं रानच उभं होतं म्हणे, त्यात यांचाही रोवला.

"अन् देवाले काय मागतलं?" मी विचारलं. आयुष्यभर काही ना काही हवं असलेला माणूस, यादी मोठी असणार, असा माझा हिशेब.



"तथी लई गर्दी होती बे," ते म्हणाले. "तिचा हात सुटू नाही म्हणून धरून उभा होतो. मागाचं राहूनच गेलं."