मागच्या बायका

ठाण्यात बाळकुम नाक्यावर माझं मोबाइलचं दुकान आहे. सतरा वर्षांच्या धंद्यात मला एवढं कळलंय, की फोन घ्यायला माणूस कधी एकटा येत नाही. ज्याला फोन हवा तो बिचारा गप्प उभा असतो आणि सोबत आलेले भांडतात. कॅमेरा किती, बॅटरी किती, हेडफोन वायरचा की बिनवायरचा, कुठली कंपनी चांगली आणि कुठली भंगार, यावरून सख्खे भाऊ माझ्या काउंटरसमोर एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिलेत. फोन ज्याच्या हातात राहणार त्याला कुणी विचारत नाही.

सगुणाकाकी भोईर मात्र गप्प उभी राहणाऱ्यांतली नव्हती.

काकी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढे प्रत्येक विधीला धवले म्हणतात, म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती म्हणणारी बाई पुढ्यात बसल्याशिवाय नवऱ्यामुलाला हळदीचं बोट लागत नाही. काकी एक ओळ टाकते, मागे बसलेल्या पाच-सहा बायका ती झेलतात आणि लांबवत नेतात. त्यांचा सूर विरायच्या आत काकीची पुढची ओळ आलेली असते. असं तासन् तास चालतं. कागदावर एक अक्षर नाही, सगळं तोंडपाठ. बाळकुमची शेतं गेली, त्यांच्या जागी टॉवर आले, पण टॉवरच्या पार्किंगमध्ये मांडव घालणारे लोकही काकीलाच बोलावतात. मी राजापूरचा, माझा या गाण्यांशी तसा संबंध नाही. तरी काकीने ओळ टाकली की मी हातातलं काम थांबवतो.

गेल्या वैशाखात ती मुलाला आणि सुनेला घेऊन दुकानात आली. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की नंतर आवाज कसा राहील याची खात्री देता येणार नाही.

"साईनाथ, मना असा फोन दे, ज्यात माझा आवाज हाय तसा राहील," ती म्हणाली. "गळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. गाणी राहिली पाहिजेत."

इतकं सरळ गिऱ्हाईक माझ्या दुकानात क्वचितच येतं. पण केदार, तिचा मुलगा, एका कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. त्याने तिला स्टुलावर बसवलं आणि माझ्याकडे वळला. "नॉइज कॅन्सलेशनवाला दाखव रे. हेडफोनपण तसलेच, फुल कान झाकणारे. बाहेरचं काही ऐकू येता कामा नये."

सून प्रियांका साताऱ्याकडची. तिचं वेगळंच. "केदार, आवाज सगळ्यांचा सारखाच असतो. कॅमेरा बघ. आईंचा व्हिडिओ नीट यायला हवा."

तिसरं मत माझं होतं आणि खोटं कशाला बोलू, ते धंद्याचं होतं. एका महागड्या मॉडेलचे तीन पीस महिनाभर पडून होते. मी तेच पुढे केलं. केदारला पटलं, प्रियांकाला कॅमेरा आवडला.

"गाऊन बघा ना काकी," मी म्हटलं.

"लग्न नाय तिथं धवला गायचा नसतो," ती म्हणाली. "मना शिकवणारीनं पहिल्या दिवशी सांगितलंय."

मग फोन तसाच घेतला. रेकॉर्डिंगमध्ये आवाज स्वच्छ करायची सोय असते, ती मीच माझ्या हाताने चालू करून दिली. अर्धवट शहाणपण महागात पडतं, ते असं.

रविवारी भगवान म्हात्रेंच्या मुलाची हळद होती. ऑपरेशनआधीचं काकीचं ते शेवटचं लग्न. केदारने सगळे धवले रेकॉर्ड केले. सोमवारी दुकान उघडून मी फडकं मारत होतो, तेवढ्यात तिघं दारात. काकीने हेडफोन काउंटरवर आपटला.

"ऐक."

मी ऐकलं. आवाज अगदी स्वच्छ होता, शब्दन् शब्द कळत होता. आणि दोन ओळींच्या मध्ये काहीच नव्हतं. ढोल नाही, भांड्यांचा आवाज नाही, मागच्या बायका नाहीत. काकीचा स्वतःचा लांब सूरसुद्धा मध्येच तुटत होता. पंख्याची घरघर समजून फोनने तोही कापला होता.

"माझ्या बायका कुठं गेल्या?"

"अगं आई, मागचा गोंगाट फोन काढून टाकतो," केदार म्हणाला. "तुझा आवाज बघ ना किती क्लिअर आलाय."

काकीने त्याच्याकडे असं बघितलं की मीच दोन पावलं मागे सरलो. "गोंगाट? तुझी आत्या होती त्यात. जाईबाई होती, ऐंशी वर्सांची, जिनं मना गायला शिकवलं ती. ती गोंगाट? जल्ला तुझा फोन. एकटीच बाई गाते त्याला धवला नाय म्हणत केदार, त्याला रडणं म्हणतात."

काढलेला आवाज परत मिळतो का ते मी तासभर बघितलं. मिळत नाही. फोनने तो ठेवलेलाच नव्हता. तिच्यासमोर मान वर करायची मला लाज वाटत होती. पण काकीला माझ्या लाजेशी कर्तव्य नव्हतं. "आता मी बघते," ती म्हणाली. "सगळे फोन काढ."

दुकानातला एकेक फोन तिने पुढ्यात घेतला. धवला गायचा नव्हता, म्हणून नुसता एक लांब सूर धरायची. त्याच वेळी प्रियांकाने बांगड्या वाजवायच्या, मी ड्रॉवर उघडझाक करायचा. मग ऐकायचं. ती स्वच्छतेची सोय बंद करूनही महागडे फोन आपली हुशारी सोडत नव्हते, काही ना काही खातच होते. चार फोन तिने बाजूला सारले. पाचवा अगदी खालच्या कप्प्यातला, साधा, ज्याला बिचाऱ्याला काही साफ करता येत नाही. त्यात सगळं आलं. बांगड्या, ड्रॉवर, बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न आणि काकीचा सूर अखंड.

"हा दे."

"आई, हा डबा आहे," केदार म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. डब्यात ठेवलेलं टिकतं तरी."

हेडफोनचंही तेच. कान झाकणारे तिने हातातसुद्धा धरले नाहीत. वायरचे साधे घेतले, एक बोंडूक कानात घातलं, दुसरं गळ्यात लोंबत ठेवलं. केदार म्हणाला, दोन्ही घाल, नाहीतर अर्धंच ऐकू येईल. ती म्हणाली, "एक कान मागच्या बायकांना लागतो. दोन्ही बुजवले तर गायचं कसं?" सतरा वर्षं हेडफोन विकून मलाही ते सुचलं नव्हतं.

फोन मिळाला, पण लग्न कुठून आणायचं? गुरुवारपर्यंत आसपास एकही नव्हतं.

"आई, नुसतंच गा ना," प्रियांका हळूच म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"मना कळंल."

मग काकी त्या दोघांकडे बघत राहिली. मुलगा, सून, पुन्हा मुलगा. केदार-प्रियांकाचं लग्न लॉकडाऊनमधलं. ठाण्याच्या रजिस्टर ऑफिसात तोंडाला मास्क लावून सह्या केल्या, झालं. हळद नाही, मांडव नाही. गावभरच्या पोरांना जिने हळद लावून दिली, तिच्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नात धवला म्हटला गेला नव्हता.

"तुमचं लग्न झालं, धवला राहिलाय," ती म्हणाली. "उद्या दुपारी तुमची हळद."

"आई, पाच वर्षं झाली लग्नाला," केदारचा चेहरा बघण्यासारखा झाला. "लोक काय म्हणतील?"

"गाणी गेली तर लोक आणून देणार हायत का?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी नाक्यावर आली. लोक हसले. हसणारच. केदारचा काका तावातावाने घरी गेला आणि म्हणाला, लग्न झालेल्यांना पुन्हा हळद लावणं अशुभ असतं. काकीने त्याला एवढंच विचारलं, "पुन्हा कुठं? पहिल्यांदाच लावते." काका चहा न घेता परतला. दुसऱ्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता.

मंगळवारी दुपारी मी दुकानाचं शटर ओढून गेलो. टॉवरच्या मागे भोईरांचं जुनं घर आहे, त्याच्या अंगणात मांडव घातला होता. पाटावर केदार आणि प्रियांका, समोर काकी, मागे बायका, जाईबाईला उशीला टेकवून बसवलेलं. फोन पालथ्या टोपावर ठेवला होता, काकी आणि बायकांच्या बरोबर मध्ये. काकीने आधी गावदेवीला बोलावलं, मग घराण्यातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलावलं, आणि हळद सुरू झाली. सोमवारी ज्या बायकांना गोंगाट म्हणाला होता, त्याच उठून केदारच्या तोंडाला हळद फासत होत्या आणि तो मान खाली घालून फासून घेत होता.

साडेतीन तास ती गायली. कुठला धवला कधी म्हणायचा याचा क्रम तिने मोडला नाही. शेवटच्या धवल्याला, स्वतःच्या मुलाचं नाव घ्यायची वेळ आली आणि तिचा आवाज फुटला. ओळ अर्ध्यावर राहिली. कुणी थांबलं नाही, कुणी पाणी आणलं नाही. मागच्या बायकांनी तो सूर तसाच धरून ठेवला, एकीचा श्वास संपला की दुसरीने उचलला, काकी परत येईपर्यंत. मी रडलो. सांगायला मला लाज वाटत नाही.

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि आवाजही गेला. बोलता येतं, पण खरखरीत, घासल्यासारखं. गाता येत नाही.

मार्गशीर्षात कळव्याला एक लग्न होतं. काकीला मानाने बोलावलं होतं, सोबत प्रियांका आणि बाळकुमच्या बायका. स्पीकर माझ्या ओळखीच्याचे, म्हणून मीही होतो. मुलाकडच्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, काकींचं रेकॉर्डिंग आहे, तेच स्पीकरला लावू. एक जण फोन मागायला आला.

"ते शिकायला हाय," काकी म्हणाली. "लावायला नाय."

"मग गाणार कोण?"

तिने प्रियांकाला खांद्याला धरून पुढे बसवलं. पोर सहा महिने भाकऱ्या थापताना एका कानात ते बोंडूक घालून बसली होती, हे घरच्यांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. मांडवातला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "ही तर घाटावरची. हिला काय धवला येणार?"

"ऐक आणि मग बोल," काकी म्हणाली. आवाज घासलेला, तरी म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली.

मग ती पुढची जागा सोडून मागे गेली आणि बायकांमध्ये मांडी घालून बसली. प्रियांकाने पहिली ओळ टाकली, साताऱ्याच्या जिभेने, थोडी थरथरत. ती ओळ झेलायला सगळ्यांत आधी मागून काकीचा फाटका आवाज उठला.