भट्टी निवेपर्यंत

मंगळवारी दुपारी अण्णा भट्टीसमोरच्या खुर्चीतून पडले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले होते. भट्टी चालू होती.

बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये आम्ही स्फटिक वाढवतो. भट्टीत पूड तापवायची आणि तिची वाफ बीजावर, म्हणजे स्फटिकाच्याच एका छोट्या तुकड्यावर, कणाकणाने बसू द्यायची. या स्फटिकातून निघणारा अतिनील प्रकाश पाण्यातले जंतू मारू शकतो, पण माणसाला तो दिसत नाही. वाढ पूर्ण झाली की खरी परीक्षा निवण्याची. भट्टी जरा लवकर निवली तर स्फटिक तडकतो. आमच्याकडची वीज बेभरवशाची, म्हणून निवेपर्यंत कुणाला तरी समोर बसून राहावं लागतं. बसायचे अण्णाच.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं. त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळायचं. घरून वहिनींचा फोन आला की उत्तर ठरलेलं असे, "येतो गं. स्वल्प निवू दे."

मी एकदा म्हटलं, "अण्णा, घरीही कुणी वाट बघतंय."

"घर आपोआप निवतं, अक्का. हिच्याकडे बघावं लागतं."

मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि अण्णा दिसेनासे झाले. व्याही त्यांना मांडवभर शोधत होते. अण्णा फेट्यासकट भट्टीसमोर बसले होते.

"अहो, आज तरी!" मी म्हणाले.

"जावई कुठं पळतोय? बसलाय की तिथं."

लग्नाच्या फोटोत अण्णा नाहीत. तो स्फटिकही तडकलेलाच निघाला.

अशा माणसाला आपण कामात रमलेला म्हणतो. मीही म्हणायचे. मग एकदा, संध्याकाळी सगळे निघत असताना, दाराकडे बघत ते म्हणाले, "एक अख्खा निघू दे, अक्का. मग मी सुटलो." त्यानंतर मला 'रमलेला' या शब्दाची लाज वाटू लागली.

त्या मंगळवारी भट्टीत स्फटिक होता आणि निवणं नुकतंच सुरू झालं होतं. मी वहिनींना फोन करून अण्णा गेल्याचं सांगितलं आणि म्हटलं, "मी येते लगेच."

"भट्टीत काही आहे?"

"आहे."

"तर तुम्ही तिथंच थांबा. मी इतकी वर्षं थांबले ते काय तडकलेल्या दगडासाठी?"

मी थांबले. अण्णांना घाटावर नेलं तेव्हा मी भट्टीच्या पडद्यावरचा तापमानाचा आकडा हळूहळू उतरताना बघत होते. उठून जावंसं फार वाटलं. उठता आलं नाही.

स्फटिक अख्खा निघाला.

तेरावा झाल्यावर वहिनी शेडमध्ये आल्या. मी स्फटिक तपासणीच्या यंत्रात लावला. पडद्यावर एक रेघ वर चढली.

"हाच का तो उजेड?"

"हो."

"दिसत तर काहीच नाही."

"डोळ्यांना नाही दिसत, वहिनी."

त्या वळून रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. "तडा नाही ना कुठं?"

"नाही."

"मग सुटले म्हणायचे," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

तो स्फटिक कापसात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. मालकांना आता तसाच दुसरा हवा आहे. भट्टी चालू आहे. खुर्ची तीच आहे, तिच्यात मी बसते.